आदिनाथ सरांचे दोन फोटो

आमच्या शाळेत संशोधन दरवर्षी जुलैत सुरू होतं, आणि ते निष्कर्षापासून सुरू होतं. आदिनाथ सर फळ्याच्या मधोमध एक मोठा चौकोन काढतात, त्यात निष्कर्ष लिहितात आणि मुलांकडे वळून म्हणतात, "आता इथपर्यंत पोचायचं कसं, ते ठरवू." मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवते. मधली भिंत पातळ असल्यामुळे सरांचं संशोधन मला वर्षानुवर्षं फुकटात ऐकावं लागलेलं आहे.

सर विज्ञान शिकवतात. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असतं. वालूरच्या पलीकडच्या आमच्या गावात ते मोटारसायकलवर येतात, आणि प्रदर्शनाचा हंगाम आला की निळं जाकीट घालून येतात. ते जाकीट दिसलं की समजायचं, आता शाळेत थर्माकोल कापला जाईल, चमकी सांडेल, फ्लेक्सवाल्याला फोन जातील आणि शिकवणं तेवढं होणार नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतलं काचेचं कपाट सरांच्या ढालींनी भरलंय. पाहुणे आले की सर कपाट उघडतात, एखादी ढाल काढतात, रुमालाने पुसतात आणि म्हणतात, "हे सगळं मुलांचं श्रेय." त्या कपाटाची किल्ली सरांच्या खिशात असते आणि मुलांना त्यातल्या एकाही ढालीला हात लावता येत नाही.

माणूस जन्मतःच असा नसतो, हे मला मान्य आहे. सर मूळचे जिंतूरकडचे, घरी कापूस आणि सोयाबीन. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी मुलांकडून सोयाबीनच्या उगवणीचा प्रयोग करून घेतला होता. घरचं बियाणं आणि विकतचं बियाणं शेजारी शेजारी पेरलं, किती उगवलं आणि किती नाही ते मुलांनी रोज पाहिलं, आणि वहीच्या साध्या कागदावर लिहून तालुक्याला नेलं. परीक्षक त्या कागदापाशी थांबलेसुद्धा नाहीत. शेजारच्या टेबलावर खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी फसफसत होता, तिकडे सगळी गर्दी झाली. हे सरांनीच मला एकदा चहा पिताना सांगितलं, आणि वर म्हणाले, "त्या दिवशी मला कळलं मॅडम, संशोधन म्हणजे काय असतं ते."

दुसरा एखादा परीक्षकांवर चिडला असता. सर चिडले नाहीत, शहाणे झाले. त्यांच्याविषयी मला जो काही आदर वाटू शकला असता, तो त्या सोयाबीनबरोबरच करपून गेला.

गेल्या वर्षी जुलैत चौकोनात वाक्य आलं, 'मेंढ्यांमुळे गायरान उजाड झाले.' हे वाक्य सरांना सुचलेलं नव्हतं, सरपंच दत्तरावांनी सुचवलेलं होतं. गावच्या गायरानाचा रस्त्याकडचा पट्टा दत्तरावांना गाळे काढायला हवाय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आधी मेंढ्या बाहेर काढायच्या, मग जागा रिकामी पडलीय म्हणून ओरडायचं, असा तो सरळ हिशेब. सरांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण सरांचं म्हणणं, विषय स्थानिक असावा असं परिपत्रकात आहे, आणि याहून स्थानिक विषय आणायचा कुठून.

मग सर्वेक्षण झालं. सरांनी प्रश्नावली छापून आणली आणि मुलांना घरोघर पिटाळलं. आता आमच्याकडे कागदपेन घेऊन कुणी दारात उभं राहिलं तर त्याला खरं सांगायचं नसतं. कागद आला म्हणजे एक तर अनुदान आलं, नाही तर दंड. अनुदान असेल तर जास्त सांगायचं, दंड असेल तर कमी. हे सरांना ठाऊक नसावं? ते काय परदेशातून आले होते? धुरपताबाईंच्या दारात मुलं गेली तेव्हा म्हातारी म्हणाली, "मेंढरं? आमच्यात कुठली आल्यात मेंढरं! समदी इकली की कवाच." तिच्या मागे कोकरू ओरडत होतं. तिने त्याला पायानेच आत ढकललं. दोन दिवसांनी गावात आवई उठली की हे विम्याचं आहे. तेव्हा तीच धुरपताबाई धापा टाकत शाळेत आली आणि होत्या त्याच्या दुप्पट मेंढ्या लिहून गेली.

मुलांनी सरांना विचारलं, आता यातलं कोणतं धरायचं? सरांनी दोन्हींची सरासरी काढली. राहिलेले कागद मुलांनी व्हरांड्यात बसून, एकाच पेनाने, एकमेकांना शेंगा देत भरले. त्याचा पुढे रंगीत आलेख झाला आणि तो फार सुंदर दिसत होता.

सादरीकरणाला सरांनी नववीतली चंदा निवडली. तिचा आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं आणि परीक्षकांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायची तिला भीती नाही. ती मुंजाजीची मुलगी, आणि मुंजाजीचं घर मेंढ्या राखणारं. दिवाळी झाली की मुंजाजी आणि त्याची बायको तानुबाई कळप घेऊन गाव सोडतात. ज्याच्या शेतात मेंढ्या बसवायच्या त्याच्या शेतात मुक्काम करायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुढच्या शेतात जायचं. मृगाच्या सुमाराला परत यायचं. तोवर चंदा आत्याकडे, सुलाबाईकडे राहते आणि शाळा करते. मेंढ्यांविरुद्धचं भाषण मेंढपाळाच्याच पोरीच्या तोंडून वदवून घ्यायचं, यात सरांना काही खटकलं नाही. आवाज चांगला आहे, एवढंच त्यांनी पाहिलं.

चंदालाही तेव्हा काही वाटलं नाही. शाळेत जे पाठ करायचं असतं त्याचा आपल्या घराशी संबंध असतो, असं आम्ही मुलांना कधी जाणवूच दिलेलं नाही. तालुक्याला पहिला नंबर आला. तिने फोनवरून मुंजाजीला सांगितलं. कशावर बोललीस, हे त्याने विचारलं नाही. तो तिकडे हसत होता, आणि शेजारच्या कुणाला तरी सांगत होता की पोरीनं सायबाला गार केलं.

शाळेत सत्कार झाला तेव्हा दत्तराव बोलायला उठले. म्हणाले, "पोरीनं विज्ञानानं सिद्ध करून दाखवलं. जिल्ह्यात नंबर आला की लगेच ग्रामसभेत ठराव घेऊ. गायरानात मेंढरू दिसलं की दंड." टाळ्या झाल्या. चंदाच्या गळ्यात हार होता. तिने हार काढला नाही, पण नमस्काराला जोडलेले तिचे हात खाली आले.

पावसाळ्याचे चार महिने मुंजाजीचा कळप गावात असतो, तो या गायरानाच्या जिवावर. चारी बाजूंना कापूस आणि सोयाबीन उभं असतं, मेंढी कुठे तोंड घालणार? गायरान बंद झालं तर कळप विकायचा आणि दुसऱ्याच्या रानात रोजाने जायचं, एवढंच त्या घरापुढे उरणार होतं. कार्यक्रम संपल्यावर चंदाने सरांना गाठलं. मी तिथेच उभी होते.

"सर, आमची मेंढरं बी का?"

सर म्हणाले, "हे बघ चंदा, संशोधकाने घरचा विचार करायचा नसतो. तू विज्ञानाचा विचार कर."

हे वाक्य त्यांनी सरासरी काढणाऱ्या तोंडाने उच्चारलं. मला इतका संताप आला की मी तिथून निघूनच गेले.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात टांगलेला सरांचा तक्ता काढून मी माझ्या तासाला नववीत नेला. इतिहासात आम्ही साधनं तपासतो. नाणं असो, दानपत्र असो, त्याला विचारायचं, तू कधीचं, तुला कुणी केलं, कशासाठी केलं. म्हटलं, आज फोटो तपासू. तक्त्यावर दोन मोठे फोटो होते. एकात हिरवंगार गायरान, खाली लिहिलेलं 'पूर्वी'. दुसऱ्यात भेगाळलेली जमीन, खाली 'आता'. साऱ्या तालुक्याने हे दोन फोटो पाहून हळहळ व्यक्त केली होती.

"हा पहिला कधीचा?" मी विचारलं.

"पावसाळ्यातला, बाई. तरोटा उगवलाय की कडंला."

"आणि दुसरा?"

"उन्हाळ्यातला. हापश्यापाशी घागरींची लाईन लागलीय, बघा."

"कुणी काढले?"

"सरांनी. एकाच वर्षी काढलेत, औंदा वाकलेला हापश्याचा दांडा दोन्हीत वाकडाच हाय."

"बरं. मग 'पूर्वी' आणि 'आता' यांत अंतर किती?"

वर्गात हशा पिकला. मी त्यांना हसू दिलं आणि विचारलं, फोटोत आणखी काय दिसतंय, कोपरेसुद्धा बघा. मुलं तक्त्याला नाक लावून उभी राहिली. हिरव्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यात मेंढ्यांच्या पाठी होत्या आणि घोंगडी घेतलेला एक माणूस पाठमोरा उभा होता.

"हे आमचे आबा हायत," चंदा म्हणाली. मग ती उन्हाळ्याच्या फोटोकडे गेली. "अन् यात एक बी मेंढरू न्हाई. वैशाखात आमची मेंढरं गावात नसत्यातच की, बाई. आमी तवा बाहेर असतो."

आता कुणी हसलं नाही. गावातल्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट होती ती. सरांना माहीत होती, दत्तरावांना होती, मुख्याध्यापकांना होती, तक्ता चिकटवणाऱ्या मुलांनाही होती. पण तक्ता चकचकीत होता, म्हणून त्याच्याकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"म्हणजे मेंढ्यांमुळे गवत वाढतं का?" मी मुद्दाम विचारलं.

"हो!" सगळा वर्ग ओरडला.

"तेही नाही. पहिल्यात पाऊस झाला म्हणून गवत आहे, दुसऱ्यात ऊन तापलं म्हणून गवत नाही. या दोन फोटोंवरून मेंढ्यांविषयी अक्षरही कळत नाही. मग कशावरून कळेल?"

एक म्हणाला, लोकांना विचारू. त्याला बाकीच्यांनी धुरपताबाईंची आठवण करून दिली. मग चंदाच म्हणाली, "मेंढरं आल्यावर गायरानाच्या एका तुकड्याला बाभळीचे काटे लावायचे. आत मेंढरू शिरणार न्हाई, भाईर चरतील. पाऊस दोन्हीकडं सारखाच पडंल. मंग दिवाळीला बघायचं, आत किती गवत अन् भाईर किती."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला संशोधन शिकवावं लागलं ते एवढंच, आणि तेही निम्मं त्या पोरीनेच शिकवलं. पण तेव्हा डिसेंबर होता. कळप गावात नव्हता आणि गायरानात गवत नव्हतं.

मी स्टाफरूममध्ये सरांना फोटोंचं सांगितलं. ते बिलकुल दचकले नाहीत. म्हणाले, "मॅडम, फोटो बोलका पाहिजे. परभणीत बसलेल्या परीक्षकाला काय कळतंय वैशाख कुठला आणि श्रावण कुठला?" मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, इतिहासाचा तास इतिहासापुरता ठेवा. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे." शाळेचं नाव! मुंजाजीच्या कळपाचा प्रश्न त्यांच्या कुणाच्या यादीत नव्हताच. आदिनाथ सर लबाड असते तर मला बरं वाटलं असतं. लबाडाला निदान माहीत असतं की आपण काय करतोय. सरांना मनापासून वाटत होतं की ते मुलांना संशोधन शिकवतायत.

जानेवारीत परभणीला जिल्ह्याचं प्रदर्शन भरलं. मांडवात रांगेने टेबलं, प्रत्येक टेबलामागे घासूनपुसून उभी केलेली मुलं, आणि त्यांच्यामागे ओठ हलवणारे शिक्षक. परीक्षक गॉगल कपाळावर चढवून फिरत होते आणि प्रत्येकाला एकच विचारत होते, "यातून समाजाला काय संदेश?" सरांचं निळं जाकीट कडक इस्त्रीचं होतं. मी मुलींची सोबत म्हणून गेले होते.

आणि मुंजाजी आला. त्याचा कळप तेव्हा पेडगावला एका शेतात बसला होता. तिथून परभणी जवळ, म्हणून तानुबाईवर मेंढ्या सोपवून तो पोरीचं भाषण ऐकायला आला होता. खांद्यावर घोंगडी, अंगावर धुतलेला सदरा. त्याने मला हात जोडले, सरांना वाकून नमस्कार केला आणि टेबलासमोर मोबाईल धरून उभा राहिला. तिकडे तानुबाईला दाखवायचं होतं म्हणे.

परीक्षक आले. चंदाने सुरुवात केली, "मान्यवर परीक्षक आणि उपस्थित गुरुजनहो." आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. प्रस्तावना झाली, उद्दिष्टं झाली, आलेख झाला. मग तिने छडी उचलली आणि फोटोंवर ठेवली. समोर मुंजाजी हसत मोबाईल सांभाळत होता. ती थांबली. सर मागून ओठांनी पुढचं वाक्य पुरवत होते, ते मला दिसत होतं.

"सर," ती परीक्षकांना म्हणाली, "हा फोटो पावसाळ्यातला हाय. यात मेंढरं हायत. हा उन्हाळ्यातला हाय, यात न्हाईत. तवा ती दुसऱ्या गावाला होती. मेंढरांनी गायरान खराब केलं का न्हाई, ते आमी मोजलंच न्हाई. मला नुस्तं पाठ हाय."

परीक्षकांनी गॉगल कपाळावरून काढला. क्षणभर मला वाटलं, हा आता काहीतरी विचारील. विचार की बाबा, तेवढ्यासाठीच तर तुला इथवर बोलावलंय! त्यांनी सरांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या टेबलावर गेले. पुढच्या टेबलावर दिवे लागत होते. त्यांनी काय लिहिलं ते नंतर कळलं, 'विद्यार्थिनीत आत्मविश्वासाचा अभाव.' साऱ्या मांडवात खरं बोलायची छाती त्या एकाच पोरीला झाली होती, आणि हा तिच्याविषयीचा अभिप्राय. असल्या माणसांच्या हाती आपण मुलं सोपवतो.

सर पांढरे पडले होते. "घाबरली पोरगी," ते मला म्हणाले. "पाठांतर कच्चं राहिलं."

मुंजाजीला एव्हाना उमगलं होतं. त्याने मोबाईल खिशात ठेवला आणि पोरीला विचारलं, "आपल्या मेंढरांवर आळ होता व्हय गं?" तिने मान हलवली. "अन् मी बोलले नसते तर गायरान बंद हुणार होतं, आबा." तो थोडा वेळ तक्त्यावरच्या स्वतःच्या पाठमोऱ्या फोटोकडे बघत राहिला. मग सरांकडे वळला. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलावंच त्याने.

त्याने हात जोडले. "सर, पोरगी लय धीट केली तुमी. एवढ्या मोठ्या सायबाम्होरं खरं बोलली."

सरांनी जाकीट नीट केलं. म्हणाले, "मेहनत घ्यावी लागते."

नंबर आला नाही. दत्तरावांच्या हातात फडकवायला काही उरलं नाही, आणि चंदाचं बोलणं गावात पोचल्यावर मेंढ्यांची घरं ग्रामसभेत काय करतील याचा त्यांना अंदाज आला. ठराव पुढे ढकलला. मृगाला मुंजाजीचा कळप नेहमीसारखा गायरानावर आला. पंचायतीच्या निवडणुका तोंडावर आल्यामुळे दत्तरावांनाही मेंढ्या एकदम गोड वाटू लागल्या. पुढे त्या किती दिवस गोड राहतील, ते मतमोजणीनंतर कळेल.

आणि यंदा जुलैत सरांनी फळ्यावर चौकोन काढला. त्यात लिहिलं, 'मेंढ्यांमुळे गायरान समृद्ध होते.' तक्ता तोच. फोटोही तेच. खालची 'पूर्वी' आणि 'आता' ही अक्षरं काढून 'मेंढ्या असताना' आणि 'मेंढ्या नसताना' अशी पट्टी चिकटवली होती. भिंतीपलीकडून मला सरांचा आवाज आला, "चंदा, आता तर तुझ्या घरचंच आहे. मनापासून बोलायचं."

"सर, हे बी आपण मोजलेलं न्हाई."

"अगं, हे तुझ्या बाजूचं आहे!"

"बाजूचं हाय सर. पण मोजलेलं न्हाई."

मी खडू खाली ठेवला.  पलीकडून डस्टर घासल्याचा आवाज आला आणि सर म्हणाले, "बरं, तू सांग. तू म्हणशील तो निष्कर्ष टाकू." माझ्या साऱ्या नोकरीत याहून लाचार वाक्य मी ऐकलेलं नाही.

चंदाने काटे लावले. दोन मैत्रिणी घेऊन तिने गायरानाचा एक तुकडा निवडला आणि बाभळीच्या फांद्या रोवून तो बंद केला. मी बघायला गेले तेव्हा मुंजाजी कुऱ्हाडीने फांद्या तोडून देत होता आणि त्याच्या मेंढ्या काट्यांबाहेर चरत होत्या. मी चंदाला बाजूला घेऊन विचारलं, "आणि काट्यांच्या आतच गवत जास्त निघालं तर?"

"तर तसंच लिहायचं, बाई."

"आबांना माहीत आहे?"

"सांगितलंय की. म्हणले, काटे नीट लाव, एखादं मेंढरू शिरलं तर मंग खोटं निघंल."

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. सर आले, त्यांनी काट्यांचे चारही बाजूंनी फोटो काढले, चंदाच्या पाठीवर थाप मारली आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "काय निघणार आहे ते आत्ताच सांगून ठेव ना. तिकडे चौकोन रिकामा राहिलाय."

चंदा फांदी रोवत होती. तिने वर बघितलं नाही.

"राहू द्या की सर, दिवाळीपतुर रिकामा."